बेळगावच्या शहापूरचं जुनं घर न पाडता नवीन करून घेतलं : डिझायनर ताईंच्या कामाचा चौदा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

घर होऊन चौदा महिने झाले. एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा या घरात काढलाय आम्ही, म्हणून आता लिहायलोय. काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नवीन रंगाच्या वासात सगळंच छान वाटलं असतं. ताईंनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, कारण त्या एकट्याच काम करतात आणि वर्षाला तीन-चारच घरं घेतात, त्यामुळं नाव देत नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी घर करायच्या विचारात असेल तर डिझायनरकडं जाताना काय काय विचारायचं हे यातनं कळलं तरी पुरे.

घर शहापुरातलं, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढं पडवी, मग सोपा, माजघर, मागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसात आड. भिंती दीड फूट जाड, दगड-विटांच्या, मातीत बांधलेल्या. वर मंगलोरी कौलं. सोप्यात एका कोपऱ्यात मागाचा खड्डा. आमच्याकडं हातमागावर शहापुरी लुगडी विणायचे, आजोबा त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि पायानं पावड्या हलवायचे. माग कधीच गेला, खड्डा फळी टाकून झाकलेला होता आणि त्यावर जुन्या वह्या, डबे असलं सगळं पडलेलं.

आधी आम्ही दुसऱ्या एका डिझायनरकडं गेलो होतो, ते सांगितल्याशिवाय ताईंचं काम कळणार नाही. एसी ऑफिस, मोठा टीव्ही, त्यावर थ्रीडीत घर फिरवून दाखवलं. बाबा एकदम खूश, कारण गल्लीत दोन्ही बाजूला स्लॅबची घरं झालीत आणि आमचंच कौलारू राहिलेलं. प्लॅन असा की सगळं पाडायचं, दोन मजली आरसीसी, रस्त्याकडं म्हणजे पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच, आत पीओपीचं फॉल्स सीलिंग, एमडीएफचं मॉड्युलर किचन, तिन्ही खोल्यांत एसी. एस्टिमेट ४८ लाख. आड बुजवून तिथं पार्किंग. मी विचारलं पश्चिमेला एवढी काच लावली तर दुपारी तीननंतर घर तापणार की, तर म्हणाले म्हणूनच तर एसी दिलाय सर, आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिट वीज फुकट आहेच की. आता ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे की ते २०० युनिट सरसकट नसतात, आधीच्या वापराच्या सरासरीवर थोडं वाढवून आपला हक्क ठरतो आणि २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल. आधी ऊन आत घ्यायचं आणि मग ते बाहेर काढायला मशीन लावायचं, आणि तेही बेळगावात! गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे आपल्या गावाला, साडेसातशे मीटर उंचीवरचं गाव आहे हे.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, अठरा वर्षं झाली. आमच्याकडं एक रिजेक्शनचं रजिस्टर असतं. पीस स्क्रॅपमध्ये गेला की त्यापुढं कारण लिहावं लागतं, ऑपरेटरची चूक, मटेरियल खराब, का ड्रॉइंगच चुकलंय. ड्रॉइंग चुकलेलं असलं तर ते काढणाऱ्याला खाली शॉपफ्लोअरवर बोलावतात, तो पीस हातात देतात आणि विचारतात. त्या थ्रीडीकडं बघताना माझ्या डोक्यात तेच चालू होतं, की या घरातलं स्क्रॅप कुणाच्या नावावर लिहायचं? आमच्या मावसभावाच्या फ्लॅटमध्ये असंच एमडीएफचं किचन केलेलं, तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगून भाकरीसारखी झाली. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि चिकट रसायन दाबून केलेला बोर्ड, एकदा पाणी प्यालं की संपलं, रंधा मारून नीट होत नाही, तुकडा जोडता येत नाही, विकत कुणी घेत नाही, आणि चुलीत घालायचं तर त्या रसायनाचा धूर. त्यानं ते अख्खं काढून नवीन केलं. जुनं गेलं कुठं? कचऱ्यात. डिझायनरला फोनसुद्धा नाही केला त्यानं, कारण ही चूक डिझायनरची असू शकते हे त्याच्या मनातच आलं नाही. गिऱ्हाइकाला मटेरियलमधलं काय कळतंय? तो रंग बघतो, फोटो बघतो. ज्याला कळतं त्यानं सांगायचं असतं, त्याचेच तर पैसे देतो आपण.

ताईंचं कळलं ते खानापूरच्या एका ओळखीच्यांकडनं. पहिल्या भेटीला त्या आल्या त्या गवंडी मामांना घेऊनच, लॅपटॉप नाही काही नाही. आईनं चहा केला, तो घेतला आणि म्हणाल्या शिडी आहे का. वर चढून दहा-बारा कौलं खाली काढली, पडवीत मांडली आणि खिशातनं एक रुपयाचं नाणं काढून एकेका कौलावर वाजवायला लागल्या. चांगलं कौल खणकन् वाजतं, अगदी पितळीच्या ताटासारखं. चिरलेलं असलं, डोळ्याला दिसत नसलं तरी, बद्द वाजतं. मला म्हणाल्या तुम्ही वाजवा. दहा मिनिटांत माझा कान तयार झाला. नंतर काम सुरू झाल्यावर अठराशेच्या वर कौलं उतरवली, दोन दिवस मी आणि माझा मुलगा नाणं घेऊन बसलो होतो, तीन ढीग केले, एकदम चांगली, मागच्या बाजूला चालतील अशी, आणि फुटकी. बाराशेच्या वर पुन्हा चढली! १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला ही कौलं करायला सुरुवात केली. आमच्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप अजून हाताला लागतोय. एवढी वर्षं पाऊस झेलून खणकन् वाजणारी वस्तू आम्ही ट्रॅक्टरमध्ये भरून फेकणार होतो.

फेकणार म्हणजे कुठं, हा ताईंचा दुसरा प्रश्न. घर पाडलं असतं तर पन्नास-साठ ट्रॉली माती, दगड, विटा निघाल्या असत्या. पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत, पण येळ्ळूर रोडनं एकदा जाऊन बघा, डेब्रिज कुठं पडतंय ते. बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात घुसतंय, बासमतीची शेतं पाण्याखाली जातायत, आणि आपण त्याच नाल्याच्या काठाला आपल्या घराच्या भिंती नेऊन टाकायच्या. माझ्या सासऱ्यांचं शेत आहे तिकडं, मी त्या पाण्यात गुडघाभर उभा राहिलोय, त्यामुळं हे मला ऐकायला जड गेलं. आधीच्या डिझायनरच्या कागदावर ‘पाडकाम व साफसफाई’ एवढीच एक ओळ होती.

तर काय काय केलं. पुढचं सगळं तसंच ठेवलं, छप्पर उतरवून वासे तपासले, सहा वाशांचं एक टोक वाळवीनं खाल्लेलं, तेवढंच कापून सुतारानं सागवानी जोड दिला. वासे अख्खे बदलले असते तर सोपं गेलं असतं असं सुतार स्वतः म्हणाला, पण जोड दिलेले अजून हललेले नाहीत. रस्त्याकडच्या भिंतीला काच नाही, पडवी दोन फूट पुढं ओढली, त्यामुळं दुपारचं ऊन भिंतीला लागतच नाही. माजघर आधी अंधारं होतं, तिथं वर चार काचेची कौलं आणि आढ्याजवळ गरम हवा जायला जाळी. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हे ३० च्या आसपास. एसी एकही नाही. या एप्रिल-मेमध्ये पाहुणे आले होते हुबळीहून, दुपारी सोप्यात झोपले ते संध्याकाळी पाचला उठले.

भिंतींचं जरा सविस्तर सांगतो, कारण जुनी घरं असणाऱ्या सगळ्यांचा हाच त्रास असतो. बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता, ओल येते म्हणून. ओल थांबली नाहीच, उलट वर चढली आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. ताई म्हणाल्या मातीत बांधलेली भिंत श्वास घेते, जमिनीतनं आलेलं पाणी ती हवेत सोडते, तुम्ही तिला रेनकोट घातलाय. तो सगळा सिमेंट गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा केला. चुना पिंपात पंधरा दिवस भिजत ठेवला, त्यात वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. घरात आठवडाभर वास होता, आईला तिच्या माहेरची आठवण आली. मी मुद्दाम विचारलं की सिमेंट भट्टीत होतं म्हणून वाईट म्हणताय, चुनाही भट्टीतच भाजतात की. तर त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाल्या बरोबर आहे, चुनखडी भाजली की दोन्हीकडं कार्बन डायऑक्साइड सुटतोच, पण सिमेंटला साधारण १४५० डिग्री लागतात, चुन्याला ९०० च्या आसपास, आणि चुना भिंतीवर घट्ट होताना हवेतला थोडा गॅस परत घेतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे म्हणे. पण न्हाणीत आणि मागच्या नवीन खोलीच्या पायाला त्यांनी सिमेंटच वापरलं, तिथं चुना टिकणार नाही म्हणून सरळ सांगितलं. हे मला पटलं. कुठं काय चालतं आणि का, हे सांगणारा माणूस पाहिजे, एकच माळ जपणारा नको.

आड बुजवला नाही. छपराची पन्हळ चारी बाजूनं एका पाइपला जोडली, पहिल्या पावसाचं धुवण बाहेर सोडायला वेगळा कॉक, मग खडी, वाळू, कोळसा घातलेली टाकी आणि तिथनं आडात. हिशोब त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडला. छपराचं क्षेत्र ११० चौरस मीटर, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ११० लिटर, वर्षाचा पाऊस १२०० मिलिमीटर धरला तरी १ लाख ३२ हजार लिटर, त्यातलं सांडलं-गेलं वजा करून लाखभर तरी आडात. टिळकवाडीची काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली, गांधीजी अध्यक्ष होते तेव्हाची, शंभर वर्षं झाली तरी ती विहीर आहेच ना, मग तुमचा आड पार्किंगखाली का घालताय, असं त्या बाबांना म्हणाल्या. बाबा त्या दिवसापासून त्यांच्या बाजूला झाले. यंदा मे महिन्यात नळाचा दिवस लांबला तेव्हा शेजारच्या दोन घरांनी आमच्या आडाचं पाणी वापरायला नेलं. प्यायला नाही वापरत आम्ही, धुण्या-भांड्याला आणि झाडांना.

आता तो मागाचा खड्डा. आधीच्या प्लॅनमध्ये तो भरून वर व्हिट्रिफाइड टाइल्स. ताई त्या खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसल्या, बराच वेळ. मग माझ्या मुलाला म्हणाल्या, ये, बस इथं. त्याचे पाय बरोबर आत टेकले. आजोबांच्या मागाची जुनी सागवानी फळी माळ्यावर होती, ती तासून खड्ड्यावर आडवी टाकली, झालं टेबल. पोरगा आता तिथंच अभ्यासाला बसतो, जमिनीवर बसल्यासारखं बसतो पण पाय दुमडत नाही. आई त्याच्या समोर बसून तांदूळ निवडते. खर्च म्हणाल तर सुताराची दीड दिवसाची मजुरी. सोप्यातली शहाबादी फरशी झिजून खड्डे पडलेली, ती उचलून उलटी केली, घासली आणि परत बसवली, खालचं अंग कोरं करकरीत होतं. हे मला अठरा वर्षं मशीनवर काम करून सुचलं नसतं.

ओट्याची उंची ठरवायला त्यांनी आईला भाकरी थापायला लावली. खरी भाकरी, पीठ मळून. टेपनं कोपरापासून माप घेतलं, मग म्हणाल्या नेहमीच्या मापापेक्षा दोन इंच खाली घेऊया. आईची पाठ दुखायची ती कमी झाली. काम चालू असताना आईनं त्यांना तांब्यातनं पाणी दिलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, की चार्ल्स आणि रे ईम्स नावाचं अमेरिकन डिझायनर नवरा-बायको सरकारच्या बोलावण्यावरनं भारतात आले, १९५८ साली त्यांनी अहवाल दिला आणि त्यात सगळ्यात जास्त कौतुक आपल्या लोट्याचं केलं, आणि त्याच अहवालाच्या जोरावर १९६१ ला अहमदाबादला डिझाइनची संस्था निघाली. त्यांचं म्हणणं असं की लोटा कुणा एकानं काढला नाही, कितीतरी पिढ्यांनी तो हातात धरून, कमरेवर घेऊन, घासून, कलंडून बघून बघून तसा केला. आई म्हणाली, एवढं लांबनं येऊन तांब्या बघितला होय त्यांनी. पण तेव्हापासनं स्टीलचा जग आत गेला आणि तांब्या परत ओट्यावर आलाय.

पैशाचं. एकूण १९ लाख ४० हजार गेले, त्यात ताईंची फी धरून. फी त्या ठरावीक रक्कम घेतात, खर्चाच्या टक्क्यावर नाही. हे सगळ्यांनी नीट वाचा. टक्क्यावर फी असली की जेवढा खर्च जास्त तेवढी डिझायनरची कमाई जास्त, मग तो तुम्हाला जुनी फरशी उलटी कर म्हणून कशाला सांगेल? शिवाय प्लायवूडच्या, टाइल्सच्या दुकानातनं मिळणारं कमिशन वेगळं. ताईंनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं की दुकानातनं काही घेणार नाही, बिलं थेट तुमच्या नावावर. मला विचाराल तर घराच्या डिझाइनमधली निम्मी नासाडी या एका गोष्टीनं थांबेल. माणूस वाईट नसतो, पण त्याचा पगार ज्यातनं निघतो तिकडंच त्याची पेन्सिल वळते.

आता तक्रारी, कारण आहेत. चार महिने सांगितलेले, साडेसात लागले. चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळत नाहीत, आमच्या मामांचा गुडघा दुखायला लागला तर महिनाभर कामच बंद, दुसरा माणूसच नव्हता. आम्ही तोपर्यंत वडगावात भाड्यानं राहिलो, ते भाडं आणि वैताग ताईंनी आधी हिशोबात धरायला पाहिजे होता. थ्रीडी नसल्यामुळं घरातल्यांना काय होणार हे शेवटपर्यंत कळत नव्हतं, बायकोची आणि माझी दोनदा भांडणं झाली यावरनं, कागदावरच्या रेघा सगळ्यांना वाचता येत नाहीत, निदान पुठ्ठ्याचं मॉडेल तरी करून दाखवायचं. मागाच्या खड्ड्यात जुलैमध्ये खालनं पाणी पाझरलं, चार बोटं. ताईंना फोटो पाठवला तर दुसऱ्या दिवशी आल्या, बघितलं, माझी चूक म्हणाल्या, खाली खडीचा थर आणि बाहेर काढणारा पाइप घालून दिला आणि मजुरी स्वतः दिली. तरी आधी लक्षात यायला पाहिजे होतं, शहापुरात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी किती वर येतं हे इथं काम करणाऱ्याला माहीत पाहिजे. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकून बसलं की कपड्याला पांढरं लागतं, वर्षभरानं कमी झालंय पण आहे. आणि फोन त्या संध्याकाळी सातनंतर उचलत नाहीत म्हणजे नाहीत.

माकडांचं कुणी विचारेल म्हणून सांगतो. होय, येतात, कौलं सरकवतात. स्लॅबला हा त्रास नाही, हे खरं आहे. वर्षातनं एकदा मे महिन्यात छप्पर चाळावंच लागतं, म्हणजे कौलं काढून परत नीट बसवावी लागतात.

कुणी करून घेऊ नये? ज्याला वर अजून दोन मजले चढवून भाड्यानं द्यायचेत त्याला हे जमणार नाही. ज्याला दिवाळीच्या आत घर पाहिजे त्यालाही नाही. पण मातीची भिंत, कौलं शाबूत आहेत आणि माणसं घरातच राहणार आहेत, तर पाडायच्या आधी एकदा तरी असा माणूस आणून दाखवा. आणि डिझायनर कुणीही असो, प्लॅन बघताना त्याला विचारा, पाडलेलं कुठं जाणार, पश्चिमेचं ऊन कुठं पडणार, ही फळी फुगली तर दुरुस्त होते का, आणि तुमची फी कशावर. उत्तर देताना तो तुमच्या घराकडं बघतोय का टीव्हीकडं ते बघा. बाबा आता गल्लीत येईल त्याला शिडीनं वर नेऊन छप्पर दाखवतात.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या साडेतीन महिन्यांसाठी.

गेल्या महिन्यात गवंडी मामा आले होते छप्पर चाळायला, गुडघा बरा आहे आता. अडतीस कौलं बदलावी लागली. नवीन आणायला कुठं जावं लागलं नाही, दुसऱ्या ढिगातली तीनशे कौलं ताईंनी आधीच परसात आडाच्या भिंतीला उभी रचून ठेवायला लावली होती. मुलानं एकेक कौल नाण्यानं वाजवून वर दिलं.